भरती जिथवर चढते

नकाशात तिच्यावर फारशी निळी शाई खर्ची पडलेली नाही.
उगम शोधायला निघालात तर सापडेल
थर्केटलांच्या बिटाच्या शेतातला एक ओला कोपरा,
ट्रॅक्टर जिथे दरवर्षी रुततो.
तिथून समुद्र अकरा मैल.
वरचे चार तिचे स्वतःचे,
खालचे सात उत्तर समुद्राने वहिवाटीने घेतलेले.

हॅलिन तिचं नाव.
मिठाशी काही नातं असेल, असं मास्तर सांगायचे.
एनिड गॅरड म्हणते, मास्तरांना ठाऊक नसलं
की ते असंच काहीबाही सांगत.

इथल्या पोराला विचारा, नदी कुठून कुठे वाहते;
तो आधी विचारेल, वाजले किती?

धक्क्यापाशी भरतीवर चालणारी गिरणी होती.
भरतीला तळं भरायचं, उघाडी मिटायची,
ओहोट लागली की चाक फिरायचं.
भरती रोज पाऊण तास उशिरा येते,
म्हणून गिरणीवाला ओबडाया स्पॉल
रोज पाऊण तास उशिरा निजायचा, उशिरा उठायचा,
आणि पंधरवड्याने पुन्हा माणसांत यायचा.
केझायाने, त्याच्या बायकोने, हिशेबाच्या वहीत
पोत्यांच्या आकड्यांखाली एक ओळ लिहून ठेवलीय:
आज नवरा दुपारी जेवायला होता.

दोन गावांची शीव नदीच्या मधोमध आखलेली.
एका हिवाळ्यात नदीने कूस बदलली,
शीव राहिली जागच्या जागी.
तेव्हापासून अलीकडचं चाळीस एकर कुरण
पलीकडच्या गावाचं.
तिथे एकदा एक फेरीवाला मेला, सुया-दोरे विकणारा.
त्याला कुठल्या चर्चने पुरायचं
हे ठरेपर्यंत तीन भरत्या येऊन गेल्या.

त्रेपन्नच्या जानेवारीत, शेवटच्या रात्री,
बांध नऊ ठिकाणी फुटला.
एनिड सात वर्षांची. जिन्यात बसून मोजत होती:
चौथी पायरी गेली.
पाचवी.
सहावीवर पाणी थांबलं
आणि स्वयंपाकघरातलं टेबल
छताला हलके हलके टकटक करत राहिलं.
बापाने नंतर शेतात जिप्सम पसरलं, तीन वर्षं थांबला.
चौथ्या वर्षी बार्ली आली. खुजी, पण आली.

पुढे तिला नदीखात्यात नोकरी लागली:
पुलाखालच्या पाण्यात मीठ किती, ते मोजायचं.
सदतीस वर्षं, आठवड्याला दोन बाटल्या.
बाटली भरण्याआधी ती बोट बुडवून चाटायची.
यंत्राचा आकडा तिच्या जिभेशी जुळला नाही
तर साहेब यंत्र दुरुस्तीला धाडत.
नोकरी लागली तेव्हा खारं पाणी आल्डरच्या झाडांशी थांबायचं.
निवृत्त झाली तेव्हा झाडं वाळली होती,
मीठ दारूच्या गुत्त्यापुढे गेलं होतं.

आता बांध दुरुस्त करायचा नाही, असं ठरलंय.
गावच्या सभागृहात एका तरुण इंजिनियरने नकाशा लावला,
त्यात तिच्या बापाचं शेत फिकट हिरवं,
त्यावर लिहिलेलं: नियोजित माघार.
लोक ओरडले, एक म्हातारा रडला,
एनिडने एवढंच विचारलं:
कुठल्या भरतीला?

सप्टेंबरातल्या उधाणाच्या.
ती घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन गेली.
यंत्राने बांधाचा घास काढला.
लोंढा वगैरे नाही;
पाणी आलं भाडेकरूसारखं, पाय पुसत,
आणि मग चारशे वर्षं नांगरलेल्या मातीत
जुन्या ओहळांच्या वाटा
एकेक करून बरोब्बर ओळखत गेलं.

बुटांशी आलं तशी ती वाकली, बोट बुडवलं, चाटलं.
बत्तीस, म्हणाली.
पोराने पाण्यात यंत्र धरलं:
एकतीस पूर्णांक चार.

दुरुस्तीला धाड, ती म्हणाली,
आणि चहा ओतायला लागली.